देवाला काय द्यायचं आणि काय सोडायचं नाही

(औरंगाबादला झालेल्या कार्यकर्ता शिबिरात आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं हे बोलणं टेपवरून उतरवून घेतलं आहे. ज्या गावांना येता आलं नाही त्यांनी ग्रामसभेच्या आधी एकत्र बसावं. ज्याला वाचता येतं त्याने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि मग आपसात बोलावं.)



दाव्यांचे कागद तपासताना काल एक प्रश्न निघाला आणि त्यावर आवाज चढले. आपल्या काही गावांत ख्रिस्ती घरं आहेत. त्यांतल्या काहींनी वनहक्काचा दावा भरलेलाच नाही. विचारलं तर म्हणतात, "आम्ही आमचं सगळं देवाच्या हवाली केलंय. जमीन त्याची, आम्हीही त्याचे. ठेवायची असेल तर तो ठेवील." त्यावर दुसरे म्हणाले, "यांना प्रार्थनेला वेळ आहे, ग्रामसभेला नाही. यांच्यामुळे गावाचा दावा अर्धवट राहतो." दोन्हीकडून शब्द वाढले. मी ख्रिस्ती घरातली, म्हणून तुम्ही म्हणालात, ताई, यावर तुम्हीच बोला.

बोलते. पण मी पाद्री नाही आणि कोणाला ख्रिस्ती करायला इथं उभी राहिलेली नाही. आपल्या संघटनेत वाघदेवाला मानणारे आहेत, माळकरी आहेत, येशूला मानणारे आहेत. पोट सगळ्यांचं सारखंच आहे, आणि फॉरेस्टचा गार्ड दंड लावताना कोणाचा देव विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे मागे बसलेल्यांना झोप लागली तरी चालेल. देवाला द्यावं. थोडं असलं तरी द्यावं. पण द्यायचं ते आधी आपल्या हातात असावं लागतं. दुसरा कोणी हिसकावून नेत असताना गप्प बसायचं आणि त्याला 'देवाला दिलं' म्हणायचं, हे देणं नाही. त्याला लुटून जाणं म्हणतात.

आता हे पायरीपायरीने बघू.

पहिली गोष्ट. जी माणसं म्हणतात 'आमचं सगळं देवाचं', त्यांना हसू नका. कारण तुम्हीही तेच करता. नवं धान्य आलं की तुम्ही आधी स्वतः खाता का? नाही. आधी गावदेवाला, वाघदेवाला दाखवता, मग चुलीवर चढवता. घरात दोन पायल्या आल्या असल्या, पावसाने मका झोडपला असला, तरी देवाचा वाटा निघतो. का काढता? देवाला भूक लागली म्हणून? नाही. 'हे मी एकट्याने पिकवलं नाही, पावसाने, मातीने आणि वरच्याने मिळून पिकवलं' हे आपण विसरू नये, म्हणून काढता.

आमच्याकडेही तेच. आमच्या भागातल्या मंडळ्यांमध्ये कापणीचा सण करतात. त्या दिवशी कोणी बाजरीची कणसं आणतं, कोणी भोपळा, कोणी पाटीभर ज्वारी, कोणी कोंबडी. ज्या बाईकडे काहीच नसतं ती एक अंडं आणते. उपासना झाली की बाहेर अंगणात या वस्तूंचा लिलाव होतो. अंड्यावर बोली लागते. घेणारा पैसे भरतो आणि अंडं परत देऊन टाकतो, की पुन्हा बोली लावा. असं ते अंडं तीन-चार वेळा विकलं जातं. अंडं आणणारी बाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून हसत असते. त्या दिवशी ती मागणारी नसते, देणारी असते. गरिबाला देण्यातून काय मिळतं, तर हे मिळतं. वर्षभर सगळे त्याला 'घे' म्हणतात, रेशनवाला म्हणतो, पुढारी म्हणतो, मुकादम उचल देताना म्हणतो. एक दिवस तो स्वतः म्हणतो, 'हे घ्या माझ्याकडून.' त्याची मान वर होते.

दुसरी गोष्ट, बायबलातली. ख्रिस्ती मंडळी जिचा दाखला देतात ती विधवेची गोष्ट. मार्कच्या पुस्तकात आहे, लूकच्याही आहे. यरुशलेमच्या मंदिरात दानाच्या पेट्या होत्या. जुने यहुदी ग्रंथ सांगतात की तेरा पेट्या होत्या आणि त्यांची तोंडं कर्ण्यासारखी होती. नाणं टाकलं की ते खणखणत आत जायचं. म्हणजे कोणी जास्त टाकलं, कोणी कमी टाकलं, सगळ्यांना ऐकू यायचं. श्रीमंत लोक येऊन खळखळ ओतत होते. येशू समोर बसून बघत होता. तेवढ्यात एक गरीब विधवा आली. तिने दोन टोल्या टाकल्या. टोली म्हणजे सगळ्यात हलकं नाणं, दोन मिळून एक दमडी. येशूने शिष्यांना बोलावलं आणि सांगितलं, की या बाईने सगळ्यांपेक्षा जास्त दिलं. बाकीच्यांनी उरल्यातलं टाकलं, हिने पोटाचं टाकलं.

इथं थांबा आणि हिशेब करा. येशूने किती टाकलं हे मोजलं नाही. टाकल्यावर घरी किती उरलं हे मोजलं. हजारातून शंभर देणाऱ्याकडे नऊशे उरतात. हिच्याकडे काहीच उरलं नाही. असा हिशेब ना बँकेत करतात, ना निवडणुकीच्या सभेत. हा गरिबाच्या बाजूचा हिशेब आहे.

आणि लक्षात घ्या, तिच्याकडे दोन टोल्या होत्या. एक घरी ठेवता आली असती. अर्धं देवाला, अर्धं पोटाला, असं केलं असतं तरी तिला कोणी नाव ठेवलं नसतं. तिने दोन्ही टाकल्या. म्हणजे उद्याची भीतीच टाकली. आपल्याला मुठीत कोण ठेवतो? ज्याला आपली उद्याची भीती कळलेली असते तो. सावकाराला कळलेली असते, मुकादमाला कळलेली असते. ज्याची भीती गेली त्याला हे लोक धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून मी म्हणते, देवावर टाकलेला भरवसा खरा असेल तर त्यातून माणूस ताठ होतो, वाकत नाही. तो कचेरीतून घाबरून परत फिरत नाही.

तिसरी गोष्ट. या गोष्टीच्या आधीची ओळ. ही ओळ फार कमी ठिकाणी वाचली जाते. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. का एवढे कष्ट? साध्या बाईला कोणाच्या तोंडाकडे न बघता स्वतः वाचता यावं म्हणून. तर आपण वाचू या.

विधवा पेटीजवळ येण्याच्या जरा आधी येशू शास्त्र्यांबद्दल बोलतो. शास्त्री म्हणजे त्या काळचे धर्माचे आणि कायद्याचे जाणकार. तो म्हणतो, यांच्यापासून सांभाळा. हे लांब झगे घालून फिरतात, बाजारात लोकांनी वाकून नमस्कार करावा म्हणून टपलेले असतात, पंगतीत पहिली जागा धरतात, लांबलचक प्रार्थना करतात, आणि विधवांची घरं गिळतात. नीट ऐका. विधवांची घरं गिळतात. आणि लगेच पुढे काय येतं? एक विधवा येते, तिच्याकडे फक्त दोन टोल्या उरलेल्या असतात.

मग मी विचारते, बाकीचं कुठं गेलं? तिचं घर कुठं गेलं? शेत कुठं गेलं? बायबल तिच्याबद्दल तेवढं सांगत नाही. पण आधीची ओळ तिथं उगाच लिहिलेली नाही. येशूने त्या बाईच्या देण्याला मान दिला. ज्यांनी तिला दोन टोल्यांवर आणलं त्यांना सोडलं नाही. आणि मंदिरातून बाहेर पडताना शिष्य म्हणाला, 'बघा केवढे मोठे दगड, केवढी इमारत', तेव्हा त्याने सांगितलं की यातला दगडावर दगड राहणार नाही. ज्या घरात विधवेचं शेवटचं नाणं पडतं आणि विधवेला भाकर मिळत नाही, ते घर त्याला टिकवायचं नव्हतं.

म्हणून कोणी तुम्हाला विधवेची गोष्ट सांगून म्हणालं, 'तुमचं सगळं सोडा', तर त्याला म्हणा, आधीची ओळ पण वाच.

चौथी गोष्ट. 'देवाला दिलं' या शब्दाचा खोटा वापर कसा होतो, हेही येशूने सांगितलंय. त्या काळी एक शब्द होता, कुर्बान. म्हणजे देवाला अर्पण केलेलं. काही लोक काय करायचे, आईबापाला म्हातारपणी द्यायची वेळ आली की म्हणायचे, "तुम्हाला जे द्यायचं होतं ते कुर्बान केलंय, देवाचं झालंय, आता तुम्हाला देता येत नाही." देवाचं नाव पुढे, आईबाप उपाशी. येशूने याला ढोंग म्हटलं. ज्या देण्यामुळे घरातली म्हातारी उपाशी राहते ते देणं देवाला पोचत नाही.

आता आपल्या गावात या. माणूस म्हणतो, मी दावा भरत नाही, देवावर सोडलंय. बरं. पण त्या प्लॉटवर तुझी बायको राबते. तुझी आई राबली. तुझ्या बापाने त्या जमिनीपायी मार खाल्ला, दंड भरला. तुझ्या लेकरांना उद्या तिथंच पेरायचं आहे. तू जे सोडतोयस ते एकट्याचं नाही. दुसऱ्याच्या ताटातली भाकर उचलून देवाला वाहता येत नाही.

पाचवी गोष्ट, नाबोथाची. ही जुन्या करारात आहे, राजांच्या पहिल्या पुस्तकात. नाबोथ नावाचा शेतकरी होता. त्याचा द्राक्षमळा राजा अहाबाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथं भाजीचा मळा करायचा होता. राजा म्हणाला, मला दे, बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर पैसे घे. वाईट भाव नव्हता. आपल्याला कधी असा मिळाला नाही. पण नाबोथ म्हणाला, माझ्या वाडवडिलांचं वतन मी तुला देणार नाही, देवाने ते मला करू देऊ नये.

बघा, नाबोथ देवाला मानणारा होता. आणि देवाला मानत होता म्हणूनच त्याने जमीन सोडली नाही. आपल्या ख्रिस्ती भावांना मला हीच गोष्ट परत परत सांगायची आहे. लेवीयच्या पुस्तकात देव सांगतो, जमीन माझी आहे, म्हणून ती कायमची विकू नका. जमीन देवाची, याचा अर्थ 'म्हणून सोडून द्या' असा नाही. जमीन देवाची, म्हणून राजाची नाही, सावकाराची नाही, वनखात्याची नाही. ती तुम्हाला राखायला दिली आहे.

नाबोथाचं पुढे काय झालं तेही सांगते, लपवत नाही. राणी ईजबेलने राजाच्या शिक्क्याने पत्रं लिहिली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाने देवाची आणि राजाची निंदा केली असा आरोप ठेवला आणि त्याला दगडांनी मारलं. कागद खोटा, साक्षीदार खोटे, शिक्का मात्र खरा. ओळखीचं वाटतं ना? राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला, आणि तिथंच एलीया संदेष्टा त्याला आडवा गेला. त्याने राजाला तोंडावर विचारलं, तू खून केलास आणि वर वतनही घेतलंस काय? देवाचा माणूस कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे या गोष्टीत आहे.

आता कायद्याकडे येते. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक कलम आहे, ते वाचलं की मला नाबोथ आठवतो. आपल्याला मिळणारा वनहक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. सावकाराच्या नाही, पुढाऱ्याच्या नाही. देवळाच्या किंवा प्रार्थनाघराच्या नावावरही नाही. आपल्या संघटनेच्या नावावरसुद्धा नाही. तेव्हा कोणी म्हणालं, 'तुमचा प्लॉट देवाच्या कामाला लिहून द्या', तर त्याला कायदा दाखवा. पीक द्या, हात द्या, वेळ द्या. जमीन तुमच्या लेकरांची आहे.

आणखी एक भीती आहे, ती मोकळी करून टाकते. काही जण कुजबुजतात की आम्ही ख्रिस्ती झालो, आता आम्ही आदिवासी राहिलो नाही, आम्हाला पट्टा कोण देणार? हे खरं नाही. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. भिल्ल येशूला मानायला लागला तरी भिल्लच राहतो, ठाकर ठाकरच राहतो. अट आहे ती अनुसूचित जातींच्या आदेशात. आमच्यासारख्या मांग-महारांतून ख्रिस्ती झालेल्यांना ती भोवते, तो वेगळा लढा आहे. पण तुमच्या वनहक्काला त्याने धक्का लागत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुम्ही ती जमीन कसत असाल, तर ४ हेक्टरपर्यंत, म्हणजे दहा एकराला थोडी कमी, तुमचा दावा आहे.

सहावी गोष्ट लांबची नाही. इथून जालना साठ-बासष्ट किलोमीटर. १९८१ पर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्यातच होता. जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसलं. ते वसवलं नारायण शेषाद्री यांनी. हे ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. तेव्हा त्यांच्या धाकट्या भावावरून, श्रीपतीवरून, मुंबईत कोर्टकचेरी झाली आणि मोठं वादळ उठलं. जात गेली, घर तुटलं. पुढे १८६० नंतरच्या काळात ते जालन्याला आले आणि जास्त करून मांग वस्त्यांतून काम केलं. ज्यांच्या सावलीला त्यांचे नातेवाईक उभे राहिले नसते, त्यांच्यात राहिले.

आता त्यांनी काय केलं बघा. ज्यांच्याकडे वीतभर जमीन नव्हती त्या लोकांना नुसतं 'देवाला सगळं द्या' असं सांगून थांबले नाहीत. निजामाच्या राज्यात तेव्हा सालारजंग दिवाण होते. शेषाद्रींनी त्यांच्याकडे जमीन मागितली, ती मिळाली, आणि तिच्यावर गाव उभं राहिलं. गावाला नाव दिलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. हे नाव याकोबाच्या गोष्टीतलं. याकोब घरातून पळालेला, उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपलेला. सकाळी उठला, त्याच दगडावर तेल ओतलं आणि म्हणाला, हे देवाचं घर. त्याच्याकडे दुसरं होतं काय? उशाचा दगड. तोच त्याने देवाला दिला.

बेथेलमधून मी दोन धडे घेते. एक, देवाच्या घराला आधी माणसाच्या पायाखाली जमीन लागते. दुसरा धडा आपला आपल्याला. ती जमीन दिवाणाच्या मेहेरबानीने मिळाली होती. मेहेरबानी चांगली असली तरी दिवाण बदलतो, राज्य बदलतं. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं. आपण मेहेरबानी मागत नाही. आपण जे पिढ्यान् पिढ्या कसतो त्याची नोंद मागतो. आणि नोंद मागायला ग्रामसभेत हात वर करावा लागतो. तो हात देव तुमच्या वतीने वर करणार नाही. त्याने हात दिलाय, वर तुम्ही करायचा.

आता सातवी गोष्ट. ही आपल्या स्वतःबद्दल आहे आणि जरा कडू आहे.

आपली संघटनासुद्धा वर्गणी घेते. घरटी मूठभर धान्य घेते, मोर्चाला भाकरी मागते, कोर्टाच्या तारखेला गाडीभाडं जमवते. म्हणजे आपणही एक पेटी ठेवून बसलोय आणि विधवा आपल्याही पेटीत दोन टोल्या टाकते. मग जो प्रश्न मंदिराला, तो आपल्यालाही.

यासाठी पौलाचं एक पत्र उपयोगी आहे, करिंथकरांना लिहिलेलं दुसरं. यरुशलेममधले ख्रिस्ती लोक हालात होते. त्यांच्यासाठी पौल गावोगाव वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः फार गरीब, तरी त्यांनी आपणहून दिलं. त्यावर पौल तीन नियम सांगतो, ते मी माझ्या शब्दांत सांगते. पहिला, ज्याच्याकडे जे आहे त्यातून दिलेलं मान्य, जे नाही ते मागायचं नाही. दुसरा, दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ताण असं नको, बरोबरी हवी. आज तुमच्याकडचं त्यांना, उद्या त्यांच्याकडचं तुम्हाला. तिसरा, पैसे नेताना मी एकटा नेणार नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर राहतील, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. देवापुढे तर चोख असावंच, माणसांपुढेही असावं.

दोन हजार वर्षांपूर्वीचे हे नियम आपण आपल्या वहीत लिहून घेऊ. वर्गणीची वही दर महिन्याला ग्रामसभेत मोठ्याने वाचायची. धान्य किती आलं, कुठं गेलं, किती उरलं. वर्गणीची पेटी दोन गावकऱ्यांसमोर उघडायची आणि त्यातली एक बाई पाहिजे.

आणि मागणारा स्वतः काय खातो, हेही बघायचं. बायबलात सारफथच्या विधवेची गोष्ट आहे. मोठा दुष्काळ पडला होता. इथं बसलेल्या म्हाताऱ्यांनी १९७२ बघितलाय. खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. तसाच दुष्काळ. त्या बाईकडे मडक्यात मूठभर पीठ आणि बुधलीत थोडं तेल. काटक्या गोळा करत होती, की शेवटची भाकर करायची, लेकराला द्यायची आणि मरायचं. तिथं एलीया आला. तोही उपाशी. त्याने तिच्याकडे आधी आपल्यासाठी भाकर मागितली. तिने दिली, आणि मडक्यातलं पीठ संपलं नाही, असं बायबल सांगतं. लोक यातला चमत्कार सांगतात. मला आणखी एक गोष्ट दिसते. एलीया भाकर घेऊन निघून गेला नाही. तो तिथंच राहिला. तिच्या मडक्यातलं तिच्याबरोबर खाल्लं. पुढे तिचं लेकरू दगावलं तेव्हा तो त्या घरातच होता आणि त्याच्यासाठी देवाशी भांडला. गरिबाकडे शेवटची भाकर मागायची असेल तर मागणाऱ्याने त्याच मडक्यातलं खावं, आणि त्याच्या घरात दुःख आलं तर तिथं असावं. हे ज्याला जमत नाही त्याने मागू नये, मग तो पाद्री असो, भगत असो नाहीतर आपला कार्यकर्ता.

आता शेवटचं, आणि हेच करायचं काम आहे.

काल मी दाव्यांच्या याद्या बघितल्या. पुरुषांची नावं भराभर आहेत. विधवा कुठं आहेत? एका गावात तीन विधवा मोर्चाला सगळ्यात पुढे असतात, त्यांची मूठ कधी चुकत नाही, आणि त्यांच्यातल्या दोघींचं नाव यादीत नाही. का? तर दंडाच्या पावत्या नवऱ्याच्या नावाच्या, नवरा वारला. दीर म्हणतो, 'माझ्या नावात धरा, वहिनीला काय करायचंय वेगळं.' आणि आपण धरतो. मग सांगा, विधवांची घरं गिळणारे ते लांब झग्यावालेच फक्त का?

कायदा काय म्हणतो ते पाठ करा. नवराबायको असतील तर हक्क दोघांच्या नावावर. घर एकट्या माणसाचं असेल तर त्या एकट्याच्या नावावर. म्हणजे विधवेचा दावा विधवेच्या नावाने होतो. पावती नवऱ्याच्या नावाची असली तरी ती पुरावा म्हणून जोडा. पावती नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घ्या. कायद्याच्या नियमांत ते पुरावा म्हणून धरलंय. बांध, विहीर, जुनी झाडं, पुरलेल्या माणसांच्या जागा, हे सगळं पंचनाम्यात लिहा. दावा ग्रामसभेने नाकारला, तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील होतं. ते अपील लिहायला आपण बसू.

तेव्हा माझी मागणी अशी. येत्या ग्रामसभेत यादी वाचताना विधवांचे आणि एकट्या बायांचे दावे पहिले वाचायचे. ते पूर्ण झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. ज्या घरांनी 'देवावर सोडलंय' म्हणून दावा भरला नाही त्यांच्याकडे भांडायला जायचं नाही. दोघांनी जायचं, त्यातला एक त्यांच्याच धर्माचा घ्या, जमिनीवर बसायचं, चहा दिला तर प्यायचा, आणि नाबोथाची गोष्ट सांगायची. त्यांना प्रार्थना करायची असेल तर करू द्या, आपण डोकं वाकवून बसू. प्रार्थना झाली की कागद पुढे करायचा, आणि अंगठा किंवा सही घ्यायची.

माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींना एवढंच. तुम्ही म्हणता आमचं सगळं देवाचं. मी पण म्हणते. म्हणूनच दुसऱ्याला नेऊ देऊ नका. जे देवाचं आहे ते राखणं ही पण सेवाच आहे. पट्टा हातात आला की पहिल्या पिकातलं पहिलं माप घ्या आणि खुशाल देवाला द्या. तुमच्या स्वतःच्या शेतातलं, तुमच्या नावच्या शेतातलं. त्या दिवशी मी तुमच्या कापणीच्या सणाला येईन आणि अंड्यावर बोली लावीन.

बाकीच्यांनी वाघदेवाला द्या, गावदेवाला द्या. पण देताना शेजारची चूल पेटलीय का, तेवढं बघा.

जिंदाबाद.